वन्सं, कंपाउंडर आणि सहावा भाग

माझी नणंद माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, तरी लग्न झाल्या दिवसापासून मी तिला वन्सं म्हणते. सुरुवातीला चिडवायला म्हणत होते, पुढे तेच तोंडात बसलं. ती शाळांचे गणवेश शिवते. आमच्या घराच्या खाली तिचं दुकान आहे: एक लांबलचक कापायचं टेबल, दोन मशीनं, भिंतीला लागून निळ्या-करड्या-मातकट रंगांच्या गणवेशांची रांग आणि मशीनच्या वर, जरा तिरका टांगलेला एक आरसा. गिऱ्हाइकांना वाटतं तो त्यांच्यासाठी आहे. तो वन्संसाठी आहे. पाठ दाराकडे करून शिवताना कोण आत आलं ते तिला त्यात दिसतं, कारण दारावरची घंटा तिला ऐकू येत नाही.

हे सरळ लिहून टाकते, कारण आडून आडून लिहायला मला वेळ नाही. वन्संचे कान गेले. एकदम नाही, चाळणीतून पीठ गळावं तसे गेले. समोर बसून, शांत खोलीत, एकानेच हळू बोललं तर तिला कळतं. दोघं बोलायला लागले की गोंधळ. आणि गाणं तर पार गेलं. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र कानात घातलं की म्हणे सतार आणि पत्र्याचा डबा यांत फरक उरत नाही. ते यंत्र तिने बटणांच्या डब्यात टाकून दिलं.

ज्या बाईचा रेडिओ दुकान उघडण्याआधी सुरू व्हायचा आणि बंद झाल्यावरच बंद व्हायचा, तिचं हे झालं. पण तिची रड ऐकण्यासाठी तुम्ही हे वाचत असाल तर थांबा. ती रडली नाही. तिने लपवलं. आणि लपवण्यातही अशी हुशारी दाखवली की कौतुक करावं की दोन धपाटे घालावेत ते मला कळेना. कोणी दुकानात आलं की ती तोंडात टाचण्या धरायची. तोंडात टाचण्या असलेल्या बाईकडून कोण उत्तराची अपेक्षा करतं? ती मान हलवायची, हसायची, टेप लावायची, आणि गिऱ्हाईक समाधानाने बाहेर पडायचं.

घरचे सोडून हे कुणालाही सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली. "आणि कंपाउंडरला तर मुळीच नाही."

कंपाउंडर म्हणजे वन्संची मैत्रीण. दोघी शाळेत एका बाकावर होत्या. पुढे तिने औषधांचं दुकान चालवलं, म्हणून ती कंपाउंडर आणि ही कात्री. आता या वयात, रस्त्यावर, मोठ्याने, "ए कात्री!" अशी हाक येते तेव्हा नवी माणसं दचकतात. आमच्या भागात हौशी गाणाऱ्यांचा एक गट आहे. या दोघी तिथे कित्येक वर्षं शेजारीशेजारी उभ्या राहून गायल्या. वन्संचा आवाज बरा, पण तिची गाडी कंपाउंडरच्या सुरावर चालायची. तो सूर ऐकू येईनासा झाला तशी गाडी रुळावरून घसरली. एका सरावात सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर वन्संने "शाळा सुरू व्हायच्या आहेत, कामाचा ढीग आहे" असं सांगून गट सोडला. शाळा सुरू झाल्या, सुट्ट्या लागल्या, परत सुरू झाल्या. कामाचा ढीग काही उतरला नाही.

"अगं, सांगून टाक ना तिला," मी म्हटलं.

"सांगितलं की ती दया दाखवील. तिची दया तुला माहीत नाही, वहिनी. गोळीसारखी असते. ती समोर उभी राहून आपण गिळली की नाही ते बघते."

आणि ते खरं होतं.

कंपाउंडर दुकानात येत राहिली. येऊन खुर्चीत बसायची, बोलायची. वन्सं टाचण्या धरून मान हलवायची. पूर्वी या दोघींना गप्प करायला दुकान बंद करावं लागे. आता एकीने बोलायचं आणि दुसरीने माना डोलवायच्या. कंपाउंडरचं येणं कमी होत गेलं. वन्संला ते दिसत होतं. ती संध्याकाळी आरशाकडे बघत बसायची आणि मी विचारलं की म्हणायची, "काच पुसायला झालीय."

अशात माझ्या नातीने तिच्या टेबलावर एक पुस्तक आणून टाकलं.

नात अकरावीत आहे आणि सगळं तिला कालच हवं असतं. "आत्याआजी, कॉलेजात कार्यक्रम आहे. मला हा कोट हवाय. अगदी असाच. ही कॉलर बघ, ही बटणं बघ." पुस्तक भाषांतर केलेल्या जपानी चित्रकथेचं होतं, ज्याला ही पोरं मांगा म्हणतात. नातीने वन्संच्या समोर बसून, तोंड तिच्याकडे करून, एकच नियम समजावला: "हे उजवीकडून उघडायचं. पान उजवीकडून डावीकडे. चौकटीसुद्धा. आपल्या पुस्तकासारखं उघडलंस तर शेवट आधी वाचशील."

वन्संने कॉलर बघायला पुस्तक उघडलं. कोट शिवून झाला, नात घेऊन गेली, पुस्तक मात्र परत गेलं नाही. मग दुसरा भाग आला. मग तिसरा.

मी एकदा दुपारी खाली गेले तर दुकानाचं शटर अर्धं खाली, डबा उघडा, जेवण गार, आणि बाई टेबलाला कोपर टेकून वाचत बसलेली. एकाएकी खो खो हसली. स्वतःच्या हसण्याचा आवाज तिला कळत नाही, त्यामुळे ती पूर्ण ताकदीने हसते. शेजारचा किल्ल्या बनवणारा शटरखालून वाकून बघायला आला.

"आत्याबाई, कोण पाहुणे आलेत?"

"चौघं आलेत," वन्संने त्याच्या ओठांकडे बघून उत्तर दिलं. "पण जेवायला नाही थांबणार."

मला चित्रांच्या पुस्तकांचं कौतुक नाही. मी कॉलेजात शिकले ती जाडजूड पुस्तकं वाचून, आणि मोठ्या माणसांनी चौकटी बघत बसणं मला पोरकट वाटायचं. तसं मी तिला म्हटलंही. "यात आहे काय एवढं?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही घडतच नाही, वहिनी. तीच तर मजा आहे. चार मुलं आहेत शाळेतली. शाळेने त्यांना सराव करायला जिन्याखालची अडगळीची खोली दिलीय. एक उंच मुलगी आहे, तिचं वाद्य तिच्याहून उंच. सारंगीची आजी म्हण. ते रोज शाळेत आणायचं आणि रोज घरी न्यायचं. एक अख्खं प्रकरण त्या चौघांनी ते जिन्यावरून वर कसं नेलं एवढ्यावरच आहे. एकाचा पाय चेंगरतो. एक जण नुसत्या सूचना देतो. तुझ्यासारखा."

"आणि वाचक हे पैसे देऊन घेतात?"

"तू जरा बस. हे बघ." तिने तिसरा भाग माझ्यासमोर धरला. "या मुलाच्या बाह्या बघ. पहिल्या भागात मनगटापर्यंत होत्या. इथे आखूड झाल्यात. पोरगा वाढला. आणि चौथ्या भागात" (तो लगेच उघडला) "इथे, बाहीच्या टोकाला रेघ दिसते? दुमड सोडलीय. नवा कोट घेतला नाही, आईने बाही सोडून दिली. एक शब्द लिहिलेला नाही त्याबद्दल. या चित्रकाराच्या घरात कुणीतरी शिंपी असणार, मी पैज लावते."

मी ती रेघ पाहिली. होती खरी.

पण तिने मला जे पान नंतर दाखवलं ते मी अजून विसरले नाही. चौघं पहिल्यांदा नीट वाजवतात ते पान. बाकी पुस्तकभर आवाजांची अक्षरं चित्रांवर पसरलेली असतात: दार आपटलं, ताट पडलं, कुणी शिंकलं, सगळं लिहिलेलं. आणि वाजवायला लागल्यावर एकही अक्षर नाही. एका चौकटीत तारेवरचं बोट. एका चौकटीत उघडी खिडकी. खाली मैदानात सायकलवरून जाणारा मुलगा एक पाय टेकवून थांबलाय आणि वर बघतोय. शेवटच्या चौकटीत खोलीबाहेर झाडू घेऊन उभी असलेली बाई, झाडू तसाच हातात.

"हे मला ऐकू येतं," वन्सं म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले.

"वेड लागलेलं नाही मला. असं बघ, रेडिओ लावला तर तुला ऐकू येतो, मला नाही. पण हे पान कुणालाच ऐकू येत नाही. तुला नाही, मला नाही, तुझ्या नातीला नाही. सगळ्यांनी डोळ्यांनीच ऐकायचं. इथे मी कुणाच्या मागे नाही, वहिनी."

मी पोरकट हा शब्द मागे घेतला. तसं तिला सांगितलं नाही, कारण ती डोक्यावर बसली असती.

तिचं वाचणं बघण्यासारखं होतं. आम्ही पानं खातो, पुढे काय झालं ते कळलं की पुस्तक संपलं. ती एक पान वाचून दोन पानं मागे जायची. कापड कापण्याआधी त्यावरून हात फिरवतात तसा हात फिरवायची. कुठल्या मुलीने स्कर्टच्या चुण्या नीट इस्त्री केल्यात आणि कुठली गादीखाली घालून झोपली, तेही ती सांगायची. आणि या सगळ्यात, कान गेल्यापासून पहिल्यांदा, ती मला आपणहून काहीतरी सांगायला लागली. आधी टाचण्या सुटत नव्हत्या तोंडातून. आता मला स्वयंपाक टाकून खाली बोलावलं जायचं, का, तर सनई वाजवणाऱ्या मुलीने उंच मुलीला अर्धा पाव दिला. सनई म्हणजे सनईसारखं काहीतरी, काळं. त्या दोघी बाकावरच्या मैत्रिणी होत्या. त्यांच्याबद्दल सांगताना वन्सं जरा जास्तच हळू बोलायची.

सहावा भाग वाचून झाल्यावर तिने मला दोन दिवस खाली बोलावलं नाही. मग एकदम मला म्हणाली, "हा मी कंपाउंडरला दिला."

"सहावा? पहिले पाच सोडून?"

"पहिल्या पाचांत काही घडत नाही. ती कंटाळली असती."

"आणि सहाव्यात घडतं काय?"

तिने खडू उचलला, खाली ठेवला. "सनईवाली गट सोडून गेलेली असते. कँटीनमध्ये एकटी बसते. तिला काहीतरी झालंय, पण ती सांगत नाही. उंच मुलीला वाटतं आपलंच चुकलं. मग हळूहळू, म्हणजे अगदीच हळू, ती परत येते. शेवटी चौघं जिन्याखाली. एवढंच."

म्हणजे जे तोंडाने सांगायला हिला जड जात होतं ते हिने पुस्तकात घालून पाठवलं होतं. माझा इलाज नव्हता. शपथ घातलेली. मी जिना चढून वर गेले आणि भांडी जरा जोरात घासली.

आठवडा उलटला तरी कंपाउंडरचा पत्ता नाही. वन्संने आरसा तीनदा पुसला. त्या आठवड्यात तिने एका शाळेचे सगळे खिसे उलट्या बाजूने लावले आणि सगळे उसवले. इतक्या वर्षांत मी तिला खिसा उसवताना पाहिलं नव्हतं.

मग ती आली. मी तिथेच होते, बटणं लावत होते. एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले होते, मुलगी स्टुलावर उभी, वन्सं तिच्या स्कर्टची उंची बघत गुडघ्यावर बसलेली, तोंडात टाचण्या. कंपाउंडर आत शिरली आणि सहावा भाग टेबलावर असा ठेवला की तिथली कात्री उडाली.

"वाचलं तुझं पुस्तक," ती म्हणाली. इस्त्री फुसफुसत होती, बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, आणि कंपाउंडर बोलता बोलता खिडकीकडे वळलेली. "समजलं मला. एवढं आडून सांगायची गरज नव्हती. आधी सगळे एकत्र, मग ती उंच पोरगी त्या सनईवालीशी बोलेनाशी होते, आणि शेवटी ही एकटी बसते कँटीनमध्ये. चांगलं आहे. चित्रं सुंदर आहेत. वर्षभर मी विचार करत होते माझं काय चुकलं. येते, बसते, तू मान हलवतेस. आता सरळ विचारते. म्हणजे आपलं संपलं असं म्हणायचंय का तुला?"

आणि वन्संने, गुडघ्यावर बसल्या बसल्या, तोंडात टाचण्या धरून, तिच्या नेहमीच्या पद्धतीने हसून, मान हलवली. हो, हो.

गृहस्थ छताकडे बघायला लागले. माझ्या बोटात सुई गेली.

कंपाउंडरने एवढंच पाहिलं. पर्स काखेत धरली आणि दाराकडे निघाली. मी तोंड उघडलं. शपथ गेली खड्ड्यात, असं माझ्या मनात पूर्ण तयार होतं. पण त्याआधी वन्संची नजर वर गेली, आरशात. जाता जाता एकदा मागे वळलेल्या कंपाउंडरचा चेहरा तिला दिसला.

टाचण्या तिने हातावर थुंकल्या. तोल जाऊन स्टुलाला धरलं, मुलगी किंचाळली.

"थांब! काय म्हणालीस?"

कंपाउंडर दारात थांबली. "आता काय परत म्हणू? मान हलवलीस ना."

"मी सगळ्यांनाच हलवते! मला ऐकू येत नाही!" हे तिने एवढ्या मोठ्याने सांगितलं की किल्लीवाला परत वाकून बघायला आला. "मला काही ऐकू येत नाही, कंपाउंडर. कधीचं नाही. गाणं नाही, घंटा नाही, तू नाहीस. इकडे तोंड कर आणि बोल!"

दुकानात नुसती इस्त्रीची फुसफुस. तीही फक्त आम्हा बाकीच्यांना.

कंपाउंडर परत आली. वन्संच्या समोर, फरशीवर, आपल्या दुखऱ्या गुडघ्यांसकट खाली बसली. तिला तसं बसायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे, आणि ती मनाई ती स्वतः लोकांना करायची.

"म्हणजे तू माझ्यावर चिडली नव्हतीस?"

"मी? कशाला चिडू?"

"मग या पुस्तकात शेवटी ती एकटी का बसलीय?"

वन्संने पुस्तक उचललं. तिच्याकडे पाहिलं. पुस्तकाकडे पाहिलं. "तू कुठून वाचलंस?"

"कुठून म्हणजे? सुरुवातीपासून. पुस्तक वाचतात तसं."

"गाढवे! हे उजवीकडून वाचायचं असतं! तू शेवटापासून वाचलंस! ती शेवटी परत येते!" तिने पुस्तक उलटं करून उघडलं. कंपाउंडरची सुरुवात जिथे झाली होती त्या पानावर, ठळक अक्षरांत एक चौकट छापलेली होती: थांबा, तुम्ही पुस्तक चुकीच्या बाजूने उघडलं आहे. "हे काय छापलंय इथे? आयुष्यभर लोकांना बाटलीवरची सूचना वाचा, सूचना वाचा म्हणून ओरडलीस!"

"मला वाटलं जाहिरात आहे," कंपाउंडर म्हणाली.

तेव्हा मात्र दोघींना हसू आवरेना. स्टुलावरची मुलगी बापाला विचारत होती, "बाबा, माझा स्कर्ट कधी होणार?" मीच तिला खाली उतरवलं आणि परवा या म्हणून सांगितलं. त्या दोघी तशाच फरशीवर, पुस्तक मध्ये धरून, पहिल्या पानापासून. उजवीकडून.

आता त्या दोघी भांडतात. कंपाउंडर भरभर वाचते आणि पान उलटायची घाई करते, वन्सं पानावर हात दाबून धरते. पहिला भाग वाचायलाच त्यांना किती दुपारी लागल्या देव जाणे. दया वगैरे काही दाखवली नाही कंपाउंडरने. एवढंच केलं की आता ती खुर्ची आरशाखाली, वन्संच्या समोर ओढून बसते. आणि बटणांच्या डब्यातलं यंत्र शोधून काढून त्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यातलं आपल्याला काही ऐकू आलं नाही, असं वन्संने मला सांगितलं. ते खोटं होतं.

मग एक दिवस कंपाउंडरने तिला गटाच्या सरावाला नेलं. मी मधे पडले. "कशाला छळतेस तिला? तिथे ती करणार काय?"

"बसेल," कंपाउंडर म्हणाली.

मीही सोबत गेले. शाळेचा हॉल, घडीच्या खुर्च्या, सगळे अर्धवर्तुळात उभे. वन्संने यंत्र कानात घातलं होतं. गाणं सुरू झालं तसा तिचा चेहरा आक्रसला. ती उठून बाहेर गेली. मला वाटलं, झालं, आता ही घरी जाणार. पण ती यंत्र काढून, पर्समध्ये टाकून परत आली आणि पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसली. हात मांडीवर. मान जरा पुढे. सहाव्या भागातल्या पानावर जसा हात फिरवायची, तशी तिची नजर एकेका तोंडावरून फिरत होती.

मध्यंतरात कंपाउंडर घाम पुसत खाली आली, तिच्या समोर उभी राहिली. "काय कळलं?"

वन्संने इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या मते कुजबुजत, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "डावीकडून दुसरी. ती निळ्या शालवाली. ती गातच नाही. नुसतं तोंड उघडते. तेही बाकीच्यांच्या मागून. इतकी वर्षं मी तिच्या पलीकडे उभी होते आणि मला पत्ता नाही!"

निळी शाल गुलाबी झाली. कंपाउंडर खुर्चीच्या पाठीला धरून वाकली. गट चालवणारे मास्तर टाळ्या वाजवून सगळ्यांना परत रांगेत बोलावत होते, आणि कंपाउंडरचे खांदे हलत होते, हलतच होते.

वन्संने माझी बाही ओढली. "वहिनी, हसतेय ना ती? मोठ्याने?"

"सराव थांबलाय तिच्यामुळे," मी तिच्याकडे तोंड करून सांगितलं.

"छान," वन्सं म्हणाली, आणि परत समोर बघायला लागली.